उसाचे दिवस आणि गिअरचं तेल

उसाच्या ट्रॉल्या पुन्हा रस्त्यावर आल्या. परवा भाच्याच्या गाडीतून गंगापूरला एका साखरपुड्याला निघालो होतो, तर वाळूजच्या पुढे एका ट्रॅक्टरमागे अडकलो. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागच्या टोकाला बांधलेलं लाल फडकं आणि पुढे कर्ण्यावर लावलेलं गाणं. भाचा वैतागून हॉर्न वाजवत होता. मी बोलणं थांबवून, मान पुढे काढून बसले होते.

"आत्या, काय झालं? मळमळतंय का?" त्याने विचारलं.

"नाय रे. तुझी गाडी गिअर कसा टाकती ते ऐकतेय."

तो हसला. त्याची गाडी नवीकोरी, तिच्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. पण उसाच्या ट्रॉलीमागे गाडी थांबली की माझे कान उभे राहतात. एका हंगामाने लावलेली ही सवय आहे. त्या हंगामाला बरीच वर्षं झाली, शहराचं नाव बदललं, मी शाळेतून निवृत्त झाले, तरी ती सुटलेली नाही.

दिवाळी उरकली की त्या रस्त्याचा वासच बदलतो. चाकाखाली चिरडलेल्या उसाचा गोड आणि जरासा आंबूस वास, शेतात पेटवलेल्या पाचटाचा धूर, आणि सकाळच्या थंडीत खाली बसलेली धूळ. बैलगाड्या रस्त्याच्या कडेने चालतात, त्यांवर संसार लादलेले असतात, भांडी, गोधडी, कोंबडीचं खुराडं. कारखान्याच्या दिशेने सगळंच हळूहळू सरकत असतं. लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो, रसाची गुऱ्हाळं आठवतात. मला गिअरबॉक्समधलं तेल आठवतं. त्याला इलाज नाही.

मी जात्याच संशयी. हे मी काही लाजत सांगत नाही. माझं माहेर वैजापूरचं. वडील मोंढ्यात एका कापूस व्यापाऱ्याकडे माल पारखायला होते. वरून पांढराशुभ्र दिसणाऱ्या गाठोड्यात ते कोपरापर्यंत हात खुपसायचे आणि आत ओलावा लागतो का ते बघायचे. समोरचा शपथा घेत असायचा आणि वडील त्याच्याकडे न बघता हात आत आत घालत असायचे. घरी आई दुधाचा थेंब नखावर घेऊन तो घरंगळतो का चिकटून राहतो ते बघायची. अशा घरात वाढलेली मुलगी पुढे शिक्षिका झाली, म्हणजे आगीत तेलच. परीक्षेत दोन पोरांची चुकलेली उत्तरं तंतोतंत सारखी आली की मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवायची, आणि कोण कोणाचं बघून लिहितंय हे मला पाच मिनिटांत कळायचं.

माझी शाळा गंगापूरच्या अलीकडे, मुख्य रस्त्यावरच्या एका फाट्यावरून तीन किलोमीटर आत, वस्तीवर होती. दोन खोल्या, दोन शिक्षक, एक लिंबाचं झाड. आधी मी औरंगाबादहून एसटीने किंवा काळ्यापिवळ्या जीपने फाट्यापर्यंत जायची आणि पुढे चालत. मग एका सकाळी ती जीप उलटली. बारा माणसांपैकी मला सगळ्यात जास्त लागलं. डावा पाय घोट्यापासून वर तीन ठिकाणी मोडला, जुळला, पण त्याच्यातली ताकद गेली. चालता येत होतं, थोडं लंगडत, लांब जायचं तर कुबडी घेऊन. पण जीपच्या मागच्या पायरीवर उभं राहणं, एसटीत चढणं, ते तीन किलोमीटर, हे सगळं संपलं. क्लच दाबता येणार नाही, म्हणजे गाडी चालवण्याचाही प्रश्न नव्हता.

प्रश्न सोडवला तो एका जुन्या, पांढऱ्या, ऑटोमॅटिक गाडीने. तिला क्लचच नव्हता. ज्योतीनगरच्या एका वयस्कर डॉक्टरांनी ती विकायला काढली होती. मी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, चटया उचलून बघितल्या, दारांचे आवाज ऐकले. डॉक्टर व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "निश्चिंत घ्या बाई. सगळं वेळेवर केलंय." डॉक्टरचा शब्द, तो घेतला. तेवढ्या एकाच वेळी मी हात कोपरापर्यंत घातला नाही.

त्या गाडीने मला माझी नोकरी परत दिली असं लोक म्हणायचे. खरं तर तिने मला सकाळचा एक तास आणि संध्याकाळचा एक तास दिला. अपघातानंतर घरात प्रत्येक जण माझा हात धरायला टपलेला असायचा. जिना उतरताना हात, न्हाणीघरात जाताना आवाज, "जपून गं." गाडीचं दार लावलं की मी कुणाची बायको नसायची, कुणाची बाई नसायची, आणि लंगडीही नसायची. बसलेलं माणूस कुठे लंगडतं? हे मी तेव्हा कुणाला बोलून दाखवलं नाही.

तिसऱ्या वर्षी, उसाच्याच दिवसांत, गाडीने पहिला धक्का दिला. मी एका ट्रॉलीमागे थांबले होते. ट्रॉली सरकली, मी ब्रेकवरून पाय काढला, पण गाडी हललीच नाही. तिने दोन क्षण विचार केला आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी पुढे गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जितकं हळू चालावं लागे तितका धक्का वाढे, आणि त्या मोसमात हळू चालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वाळूज ते फाटा मी श्वास धरून जायला लागले.

पहिल्यांदा गेले ती एका चकचकीत सर्व्हिस सेंटरला. तिथल्या टाय लावलेल्या तरुणाने बोनेट उघडलं, गिअर ऑइल मोजायची लांब कांडी ओढून काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. तेल लाल असायला हवं म्हणे, हे तपकिरी झालं होतं, आणि जळका वास येत होता. "मॅडम, आजच बदलून टाकू. मशीन लावून सगळं जुनं तेल बाहेर काढतो. नाहीतर गिअरबॉक्स जाईल." गिअरबॉक्स जाईल हे त्याने इतक्या आनंदाने सांगितलं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्याचं दुकान तेल विकण्याचं, तो तेल बदला असंच सांगणार. मी विचार करून येते म्हणाले.

मग रोशन गेटजवळच्या सलीमभाईंकडे गेले. पत्र्याची शेड, जमिनीत खोदलेला खड्डा, भिंतीवर टांगलेले पाने. सलीमभाई साठीचे, बोलायला कमी. त्यांनी कांडी काढली, तेलाचा थेंब दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि कांडी परत आत घातली.

"हात नक्को लावू, मॅडम."

"का?"

"जुनं तेल हाय. आतल्या प्लेटीचा चुरा त्याच्यात मिसळलाय. तो चुराच गिअरला पकडून ठेवतोय. नवं तेल टाकलं तर सगळं धुऊन निघल, मंग गिअर फिसलल. आधीच्या मालकानं टायमावर बदललं असंल तर बिनधास्त बदला. कधीच बदललं नसंल तर हात नक्को लावू. चालतंय तवर चालू द्या."

"पण धक्का मारतीय."

"मारू द्या की. धक्का मारती म्हंजी पकडती."

परत येताना मी विचार करत होते. हा माणूस तेल विकायला नको म्हणतो, म्हणजे साधा दिसतो. पण उद्या गिअरबॉक्स खलास झाला तर मोठं काम कोणाकडे येणार? याच्याकडेच. एक म्हणतो बदल, एक म्हणतो बदलू नको, आणि दोघांचाही फायदा माझ्या गाडीत. पाणी कुठे मुरतंय तेच कळेना.

संध्याकाळी चहाच्या वेळी यांना सांगितलं. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते, कालव्यांचे नकाशे सांभाळायचे. स्वभाव शांत. माझ्या हातातली कपबशी घेऊन ते म्हणाले, "चालतंय तवर चालू दे की."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. शब्दाला शब्द. दोन वह्या माझ्या डोळ्यांपुढे शेजारी शेजारी आल्या. गेलं वर्षभर हे मला सांगत होते की अपंगांच्या सवलतीत शहरातल्या शाळेत बदली मिळते, अर्ज कर. मी दरवेळी विषय बदलायची. आता गाडी बंद पडली तर मला अर्ज करावाच लागला असता. म्हणजे तेल न बदलण्यात कोणाचा फायदा, या यादीत एक नाव वाढलं होतं, आणि ते माझ्याच घरातलं होतं. त्या दिवसापासून मी यांच्या हातचा चहा पिताना सुद्धा यांच्या तोंडाकडे बघायला लागले.

कोणाचंच ऐकायचं नाही, आपलं आपण तपासायचं, असं मी ठरवलं. सलीमभाई म्हणाले होते की कांडी पुसायला फडकं वापरू नका, सुताचा धागा आत जातो. मी म्हटलं, धागा न सोडणारी वस्तू माझ्या पर्समध्ये डझनाने असते. मी खडू काढला. शाळेच्या अंगणात गाडी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, कांडी ओढायची आणि तिच्यावरून खडू फिरवायचा. खडू तेल पिऊन घ्यायचा आणि रंग लख्ख दिसायचा. कडेला तपकिरी, मधे काळसर. कांडी परत आत. सोमवारचा खडू, मंगळवारचा खडू, असे मी वर्गाच्या खिडकीत ओळीने मांडायला लागले. कधी कधी संध्याकाळी निघतानाही एकदा. माझ्या मते ही फार शास्त्रीय पद्धत होती.

त्या मोसमात वर्गात ऊसतोड कामगारांची पोरं येऊन बसायची. नावं हजेरीपटात नसायची, पण मी बसवायची. त्यांच्या अंगाला पाचटाचा वास असायचा आणि हातांवर पात्यांचे बारीक ओरखडे. त्यातल्या एका मुलीने खिडकीतली ओळ बघून विचारलं, "बाई, ह्ये खडू आजारी हायेत का?" मी म्हटलं, "व्हय. त्यांना बघूनच औषध ठरवायचंय." ती रोज येऊन आधी खिडकीत बघायची आणि आज कसे आहेत ते मला सांगायची. तिच्या मते ते बरे होत होते. मला त्या पोरीचाही संशय आला, की ही मला बरं वाटावं म्हणून सांगते.

आता मागे वळून बघताना वाटतं, संशयात एक मोठा आराम असतो. संशय घेणारं माणूस सतत कामात असतं. बघतंय, हुंगतंय, पडताळतंय. ठरवायचं मात्र काही नाही. दोन महिने मी इतकी तपासणी केली की बदलायचं की नाही, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. धक्के वाढत होते. एकदा कांद्याच्या टेम्पोपुढे गाडी अशी काही अडखळली की मागच्याने करकचून ब्रेक मारला. तो खाली उतरून शिव्या देईल म्हणून मी काच वर केली. तो उतरला, माझी कुबडी मागच्या सीटवर बघितली, आणि काही न बोलता परत गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या रविवारी मी ज्योतीनगरला गेले. सगळं घोडं एका गोष्टीवर अडलं होतं, डॉक्टरांनी तेल कधी बदललं होतं का. दार त्यांच्या बायकोने उघडलं. कपाळ मोकळं होतं. डॉक्टर मागच्या पावसाळ्यात गेले, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "गाडी आम्ही परत घेणार नाही हं. व्यवहार झाला तो झाला."

"परत द्यायला नाही आले, काकू. एवढंच विचारायचंय, डॉक्टरसाहेबांनी गिअरचं तेल कधी बदललं होतं का?"

त्यांनी मला आत घेतलं. बसायला खुर्ची दिली. मग म्हणाल्या, "तुम्हाला काय सांगितलं होतं त्यांनी?"

"सगळं वेळेवर केलंय म्हणाले होते."

काकू उठल्या आणि टेबलाचा खालचा खण ओढला. आत ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. एकावर एक रचलेल्या, रबर लावलेल्या. एकाही पट्टीतली गोळी काढलेली नव्हती.

"मी रोज विचारायचे, घेतली का? रोज म्हणायचे, सगळं वेळेवर चाललंय. आयुष्यभर पेशंटना गोळी चुकवू नका म्हणून रागावले." त्यांनी खण हळूच लावला. "गाडीचं मला काही कळत नाही. पण तेल नसेलच बदललं त्यांनी. तसेच होते ते."

निघताना त्यांनी विचारलं, "चालते ना पण गाडी?"

"चालते, काकू."

"जपा. फार जीव होता त्यांचा तिच्यावर."

परतताना क्रांती चौकातल्या सिग्नलला गाडी अडखळली तेव्हा मला तिचा राग आला नाही. त्या खणातल्या पट्ट्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. चालतंय तवर चालू द्या, हे डॉक्टरांनी स्वतःच्या बाबतीतही केलं होतं. चाललं, तोवर चाललं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी सलीमभाईंना सगळं सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, "मंग तर आणखीच नक्को."

"आणि मला करायचंच असेल तर?"

त्यांनी हात पुसले. "मंग सगळं एकदम नाय. मशीन बिशीन तर बिल्कुल नाय. खालचं तेलाचं भांडं उघडू. जेवढं पडंल तेवढं पडू द्यायचं, तेवढंच नवं टाकायचं. आतलं बाकीचं जुनंच ऱ्हाईल. पंधरा दिवस चालवा, मंग परत थोडं. पण मॅडम, गिअर फिसलला तर मला बोलू नका. माझी जबान नाय याच्यावर."

या माणसाने कसलाही भरवसा दिला नाही, म्हणून मला पहिल्यांदा त्याचं पटलं. मी मनाशी हिशेब केला तो असा. तेल तसंच ठेवलं तर गाडी कधीतरी दगा देणार, कुठे ते माहीत नाही, बहुतेक त्या तीन किलोमीटरच्या कच्च्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना ऊस आणि मी कुबडी घेऊन. बदललं तर कदाचित उद्याच देईल, पण मला कळेल. मला दगाच बसायचा असेल तर तो घराजवळ बसू दे. "करा," मी म्हणाले. नाताळच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी यायचं ठरलं.

त्या सकाळी मी शेडमध्ये स्टूल टाकून बसले. नव्या तेलाचा डबा माझ्या देखत फोडायला लावला, झाकणाच्या आत बोट फिरवून बघितलं. सलीमभाईंना अशी गिऱ्हाइकं माहीत होती. ते खड्ड्यात उतरले. काळपट तेल पातेल्यात पडायला लागलं. मग त्यांनी भांड्याचे बोल्ट सोडवून ते खाली उतरवलं, उजेडाला धरलं.

"ये क्या है?"

मी वाकून बघितलं. भांड्याच्या तळाशी लोखंडाचा कीस पकडायला एक छोटं लोहचुंबक असतं. त्याच्यावर काळा लेप असणं साहजिक, असं त्यांनी मला आधी सांगितलं होतं. इथे त्या लेपाभोवती करड्या पांढऱ्या रंगाचा चिखल बसला होता. सलीमभाईंनी तो बोटाने उचलला, चोळला.

"चुन्यासारखं लागतंय. चाळीस साल हुए काम करते, असं कधी नाय बघितलं. त्या डॉक्टरनं काय टाकलं काय माहीत. काही लोक भुकटी टाकून गाडी विकतेत, मॅडम. आवाज दबतो. दिसायला शरीफ आदमी, पण..."

मला त्या चिखलाकडे बघताच कळलं होतं. तीस वर्षं तो माझ्या बोटांवर, पदरावर, केसांत होता. कांडीवर खडू फिरवून ती तशीच आत घालत होते मी, दोन महिने, कधी दिवसातून दोनदा. सगळ्यांवर पाळत ठेवता ठेवता गाडीत कचरा टाकत होते ती मीच. माझे कान गरम झाले. आणि तरी मी बोलले नाही. सलीमभाई मेलेल्या माणसाला नावं ठेवत होते आणि मी स्टुलावर बसून ऐकत होते. परीक्षेत एखादं पोर असं गप्प बसलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

त्यांनी भांडं घासायला घेतलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. "सलीमभाई, तो खडू आहे. मीच टाकला."

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. खड्ड्यातून वर येऊन पायरीवर बसले.

"बरं केलं बोलल्या. मी त्या बिचाऱ्याला फुकट बोलून ऱ्हायलो होतो." मग लोहचुंबकावरचा लेप त्यांनी कागदावर पसरला. "हे बघा. नुसती राख हाय, लोखंडाचा तुकडा एक नाय. खडू नरम, त्यानं प्लेटी नाय खराब होत. तेल गाळायची जाळी भरली असंल पण. जाळी नवी टाकतो. मॅडम, एक सांगू? तेल रोज बघायची चीज नाय. रोज बघून ते बदलत नाय."

संध्याकाळी घरी आले. हे गॅलरीत उभे होते. चहा टाकला, दोघं बसलो. खडूची गोष्ट मी यांनाही सांगितली, कारण एकदा सांगितल्यावर ती सांगायला सोपी झाली होती. मला वाटलं हे हसतील. हे कपात बघत राहिले.

"मग मी पण सांगतो," हे म्हणाले. "गाडी बंद पडावी असं मला वाटत होतं."

मी कप खाली ठेवला.

"सलीमभाई नको म्हणाला, मला बरं वाटलं. म्हटलं, पडू दे एकदाची बंद, म्हंजी ही अर्ज करील. इथं गल्लीतल्या शाळेत जाईल." हे थांबले. "त्या जीपच्या दिवशी हापिसात फोन मीच उचलला. तवापासून घंटी वाजली की माझा हात उठत नाय. रोज तू येईपर्यंत मी इथं गॅलरीत उभा असतो. तुला वाटतं मी हवा खातो."

माझा संशय खरा निघाला होता. दोन वह्या शेजारी ठेवून जे मी ओळखलं, ते शंभर टक्के बरोबर होतं. आयुष्यात इतकं बरोबर येऊन इतकं वाईट मला कधी वाटलं नाही. मी धरून चालले होते की यांना माझी नोकरी खुपते, लोक काय म्हणतील ते खुपतं. घाबरलेला माणूस माझ्यासमोर रोज चहाचा कप धरून बसत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघून लबाडी शोधत होते. मला यांची कीव आली आणि रागही आला. भीतीपोटी का होईना, बंद पडणार होती ती माझीच गाडी.

"मी अर्ज नाही करणार," मी म्हणाले.

"ठाऊक हाय मला."

"त्या गाडीत बसले की माझा हात धरायला कुणी नसतं. मला तेवढंच लागतं. तुमच्यावर राग नाही माझा. पण तेवढं लागतं."

हे मी पहिल्यांदा बोलले. यांनी दोन्ही कप उचलले आणि आत नेऊन विसळले.

दुसऱ्या दिवशी साडेआठला निघाले. शहरातून बाहेर पडेपर्यंत गाडी ठीक चालली, पण शहराचा रस्ता मोकळा होता, त्याच्यावर माझा विश्वास नव्हता. वाळूजच्या पुढे ट्रॉली भेटली. ती थांबली, मी थांबले. ती सरकली. मी ब्रेकवरून पाय काढला आणि वाट बघितली. गाडी हलली. धक्का नाही, अडखळणं नाही, नुसती हलली. पुन्हा थांबले, पुन्हा निघाले. चार वेळा, पाच वेळा. सहाव्या वेळी मी आरशात बघितलं, सवयीने, आणि मागच्या टेम्पोच्या आडून एक मोटारसायकल दिसली. हेल्मेटमधला चेहरा दिसत नव्हता, पण गुडघे इतके बाहेर काढून बसणारा माणूस मी एकच ओळखते.

मी इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. यांनाही थांबावंच लागलं. खिडकीशी येऊन यांनी हेल्मेटची काच वर केली. डोळे थंडीने पाणावले होते.

"गिअर पडतोय का?" यांनी विचारलं.

"पडतोय."

"मी म्हटलं, आज पहिलाच दिवस हाय."

"हापिसला उशीर होईल. परत फिरा."

हे उभे राहिले. बाजूने उसाची एक बैलगाडी गेली, मग दुसरी. मला वाटलं आता हे म्हणतील, फाट्यापर्यंत येतो फक्त. यांनी काच खाली केली, मोटारसायकल वळवली आणि निघाले.

मी लगेच हलले नाही. आरशात बघत राहिले, की हे खरंच जातात की पुढे कुठल्या टपरीआड थांबतात. मोटारसायकल लहान होत गेली, वळणापाशी पोचली आणि थांबली नाही. आरशात आता नुसता रस्ता होता. मला एकदम फार एकटं वाटलं, आणि मग कळलं की इतके दिवस मी ज्याच्यासाठी भांडत होते ते हेच होतं. मी गिअर डीवर टाकला आणि निघाले.